खेळणारा माणूस आणि पाहणारा अभ्यासक : डिजिटल खेळसमूहांच्या मानवशास्त्रीय अभ्यासाची यवतमाळच्या संदर्भात चिकित्सा

सारांश

डिजिटल खेळ आणि त्यांच्याभोवती तयार होणारे समूह हा गेल्या दोन दशकांत मानवशास्त्राचा मान्य अभ्यासविषय झाला आहे. टॉम बेलस्टॉर्फ, बॉनी नार्डी, टी. एल. टेलर, नताशा डाऊ शूल इत्यादी अभ्यासकांच्या ग्रंथांनी या क्षेत्राचा पाया घातला. परंतु हे ग्रंथ ज्या समाजांत लिहिले गेले, त्या समाजांची काही गृहीतके त्यांत न सांगता आलेली आहेत. प्रस्तुत लेखात या ग्रंथांतील प्रमुख संकल्पनांची चिकित्सा केली असून यवतमाळसारख्या कोरडवाहू, कापूसप्रधान जिल्ह्यात त्या कितपत उपयोगी पडतील याचा विचार केला आहे. ‘समूह’, ‘डाव’ आणि ‘व्यसन’ या तीन शब्दांभोवती ही मांडणी केली आहे.

बीजशब्द : मानवशास्त्र, डिजिटल खेळ, सहभागी निरीक्षण, भिडू, जुगार, व्यसन, यवतमाळ.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या आवारात, बसस्थानकावर किंवा गावाच्या पारावर चार-पाच तरुण मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले दिसले, की पाहणाऱ्याच्या मनात बहुधा एकच शब्द येतो : व्यसन. पालकसभेतील चर्चा, वृत्तपत्रांतील लेख आणि प्राध्यापक कक्षातील गप्पा या शब्दापाशीच सुरू होतात आणि त्याच शब्दापाशी संपतात. मुले नेमके काय खेळतात, कोणाबरोबर खेळतात, खेळताना परस्परांना काय म्हणतात, हरल्यावर काय होते, हे प्रश्न विचारण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. निदान आधी झालेला असतो. रुग्णाची विचारपूस मागाहून होते, किंवा होतच नाही.

मानवशास्त्राची शिस्त याच्या उलट दिशेने चालते. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्यात आधी राहावे, त्यांची भाषा शिकावी, त्यांच्या दृष्टीने त्यांचे जग कसे दिसते हे समजून घ्यावे आणि मगच मत द्यावे, ही ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की यांनी १९२२ मध्ये ट्रॉब्रिअंड बेटांवरील ग्रंथातून घालून दिलेली पद्धती आहे. हीच पद्धती पुढे संगणकाच्या पडद्यामागील जगालाही लावण्यात आली. तिचे फलित काय, तिच्या मर्यादा कोणत्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ लोकसंख्येच्या, सोळा तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्यात तिचा उपयोग कसा होऊ शकेल, हे पाहणे हा या लेखाचा हेतू होय. हा लेख क्षेत्रपाहणीचा अहवाल नाही. उपलब्ध ग्रंथांची चिकित्सा आणि भावी पाहणीसाठी काही प्रश्नांची मांडणी एवढीच त्याची व्याप्ती आहे.

२. खेळ : मानवशास्त्राचा जुना विषय

खेळ हा मानवशास्त्राला नवा विषय नाही. या शास्त्राचे एक आद्य प्रवर्तक ई. बी. टायलर यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्राचीन मेक्सिकोतील ‘पटोली’ या खेळाची तुलना आपल्या पचिशीशी केली. दोन्ही खेळांतील पट, सोंगट्या आणि दान टाकण्याची रीत यांतील साम्यावरून आशिया आणि अमेरिका यांच्यात प्राचीन संपर्क असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. हे अनुमान पुढील अभ्यासकांनी शंकास्पद ठरविले. परंतु खेळ हा संस्कृतीचा पुरावा म्हणून वाचता येतो ही दृष्टी मात्र टिकली. येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ज्या पचिशीवर टायलर यांनी आपला निबंध उभारला, तिचेच सोपे रूप ‘लूडो’ या नावाने १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट झाले आणि त्याच लूडोची मोबाइलवरील आवृत्ती ‘लूडो किंग’ २०१६ मध्ये नवी मुंबईतील एका कंपनीने बाजारात आणली. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत तीच खेळली गेली. म्हणजे भारतीय पट इंग्लंडमार्गे फिरून मोबाइलच्या काचेवर परत आला. डिजिटल खेळांना ‘परके आक्रमण’ म्हणणाऱ्यांनी हा प्रवास ध्यानात घ्यावा.

डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळ हा संस्कृतीचा उपज नसून संस्कृतीच खेळातून उपजते, असा सिद्धान्त मांडला. खेळ नेहमीच्या व्यवहारापासून वेगळ्या आखलेल्या रिंगणात चालतो, हे त्यांचे प्रतिपादन. फ्रेंच विचारवंत रॉजर कायवा यांनी १९५८ मध्ये स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे खेळाचे चार प्रकार कल्पिले. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७२ मध्ये बाली बेटावरील कोंबड्यांच्या झुंजीवर लिहिलेला निबंध तर मानवशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात नेमला जातो. झुंजीतील पैज पैशाची दिसली तरी पणाला लागलेली असते ती प्रतिष्ठा, असे त्यांनी दाखविले. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात, वणी आणि झरी-जामणीकडे, ‘कोंबड बाजार’ हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. तो बहुधा पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतून आपल्यापर्यंत येतो. गीर्ट्झ यांच्या निबंधाचा आरंभही अशाच एका छाप्याने होतो. फरक इतकाच, की तेथे छाप्यानंतर अभ्यास सुरू झाला आणि आपल्याकडे छाप्याबरोबर विषय मिटतो.

मराठी परंपरेतही खेळाकडे गंभीरपणे पाहण्याची रीत जुनी आहे. एकनाथ, तुकाराम आदी संतांनी हुतुतू, फुगडी, विटीदांडू, हमामा या खेळांवर रूपकात्मक रचना केल्या. खेळातील ‘डाव’, ‘बाद होणे’, ‘गडी’ या शब्दांना त्यांनी परमार्थाचा अर्थ दिला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित असलेल्या महानुभाव पंथात परमेश्वराच्या अवताराच्या कृतींना ‘लीळा’, म्हणजे खेळच, म्हटले गेले. त्याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. तात्पर्य, खेळ ही वेळ घालविण्याची क्षुल्लक बाब आहे, असे वऱ्हाडाने कधीच मानले नव्हते.

३. आभासी जगातील क्षेत्रकार्य

डिजिटल खेळांच्या अभ्यासातील पहिल्या पिढीच्या ग्रंथांत टी. एल. टेलर या समाजशास्त्रज्ञ विदुषीचा ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळावरील २००६ चा ग्रंथ महत्त्वाचा आहे. खेळाडू एकटा, तुटलेला आणि विरंगुळ्यासाठी खेळणारा असतो ही प्रचलित प्रतिमा त्यांनी मोडून काढली. अनेक खेळाडू खेळाकडे जवळजवळ कामाप्रमाणे पाहतात. नियोजन करतात, हिशेब ठेवतात, नवख्यांना शिकवितात, असे त्यांनी दाखविले. खेळ आणि काम यांतील सीमारेषा आपण समजतो तितकी ठळक नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

टॉम बेलस्टॉर्फ यांचा २००८ मधील ‘सेकंड लाइफ’वरील ग्रंथ या क्षेत्रातील सर्वांत धाडसी प्रयोग म्हणावा लागेल. पूर्वी इंडोनेशियात क्षेत्रकार्य केलेल्या या मानवशास्त्रज्ञाने २००४ ते २००७ या काळात आपले सर्व संशोधन त्या आभासी जगाच्या आतच केले. तेथे घर बांधले, शेजारी जोडले, मुलाखती घेतल्या. मात्र त्या लोकांना प्रत्यक्ष जगात गाठून पडताळणी करणे हेतुपुरस्सर टाळले. आभासी जगाला स्वतःची संस्कृती असते आणि ती तिच्याच अटींवर समजून घेतली पाहिजे, ही त्यांची भूमिका. ग्रंथाचे नाव मार्गारेट मीड यांच्या सामोआवरील १९२८ च्या ग्रंथाची आठवण करून देते, हेही सहेतुक आहे. ‘अवतार’ या शब्दाविषयी त्यांनी केलेले निरीक्षण मार्मिक आहे : मूळ संस्कृत अर्थात अवतार म्हणजे दिव्याचे देहात उतरणे, संगणकीय अर्थात मात्र देहधारी माणूस आभासात उतरतो. दिशा उलटली आहे. या निरीक्षणाला मराठी वाचक आणखी एक पुस्ती जोडू शकेल. आपल्या परंपरेत अवतार एकटा येत नाही. त्याच्याबरोबर लीळा येते आणि लीळा आठवून सांगणारा भक्तसमूहही येतो. अवतार म्हणजे केवळ रूप नव्हे, तर रूप, कृती आणि स्मरण करणारा समूह यांचे एकत्रित नाते होय. डिजिटल अवताराचा विचार या अंगाने अद्याप पुरेसा झालेला नाही.

बॉनी नार्डी यांचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वरील २०१० चा ग्रंथ अधिक संयत आहे. अमेरिकेतील खेळाडूंबरोबरच चीनमधील इंटरनेट कॅफेत जाऊन त्यांनी पाहणी केली. जॉन ड्यूई यांच्या सौंदर्यानुभवाच्या कल्पनेच्या आधारे खेळणे हा एक प्रकारचा कलानुभव असू शकतो, असे त्यांनी प्रतिपादिले. विशेष म्हणजे व्यसनाचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. त्यावर स्वतंत्र चर्चा केली आणि खेळाडू स्वतः हा शब्द कसा वापरतात, कधी थट्टेने, कधी अभिमानाने, कधी खरोखरच्या चिंतेने, याकडे लक्ष वेधले.

या तिन्ही ग्रंथांचे मोल मान्य करूनही त्यांतील एक समान गृहीतक दाखविणे आवश्यक आहे. एक माणूस, त्याचा स्वतःचा संगणक, अखंड वीज, अखंड जोडणी आणि आपल्या मर्जीचा मोकळा वेळ ही ती चौकट आहे. बेलस्टॉर्फ यांना पडद्याबाहेर पाहण्याची गरज वाटली नाही, याचे एक कारण असे, की त्यांच्या जगात पडद्याबाहेरची परिस्थिती बऱ्याच अंशी सारखी होती. जेथे ती सारखी नाही, तेथे पडद्याच्या आत राहून केलेला अभ्यास अर्धाच राहील.

४. यवतमाळचा संदर्भ : फोन कोणाचा, वेळ कोणाची?

ग्रामीण महाराष्ट्रात संगणक प्रथम ‘विकासा’चे साधन म्हणून आला. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात सुरू झालेला गावोगावच्या संगणक केंद्रांचा प्रकल्प याचे ठळक उदाहरण होय. शेतकरी तेथे बाजारभाव आणि शेतीविषयक माहिती पाहतील, अशी अपेक्षा होती. काही वर्षांनी झालेल्या अभ्यासात केंद्रांचा उपयोग मुख्यतः ऊस कारखान्याच्या नोंदींसाठी होत असल्याचे दिसले आणि तेच काम साध्या मोबाइल संदेशांवर नेण्याचा प्रयोग करण्यात आला. पायल अरोरा यांनी अलमोडा परिसरातील आपल्या अभ्यासात आणि पुढे २०१९ मधील ग्रंथात नेमका हाच मुद्दा व्यापकपणे मांडला : गरीब माणूस इंटरनेटवर आला की तो शिक्षण आणि शेतीची माहितीच शोधील, ही विकासतज्ज्ञांची अपेक्षा होती; प्रत्यक्षात तोही इतरांप्रमाणेच करमणूक, मैत्री आणि खेळ शोधतो. गरिबाच्या विरंगुळ्याला संशयाने पाहणे ही अभ्यासकांची खोड आहे, असे त्यांचे सांगणे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यानंतर घाटंजी, महागाव, मारेगाव यांसारख्या तालुक्यांतील तरुणाच्या हाती जे आले ते वारणेतील केंद्रासारखे उपयुक्त यंत्र नव्हते. ते खिशात मावणारे मैदान होते.

या मैदानाची घडण पाश्चात्त्य ग्रंथांतील मैदानापेक्षा वेगळी आहे. फोन अनेकदा घराचा असतो. सायंकाळी तो वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून धाकट्या भावाकडे जातो आणि बहिणीच्या वाट्याला सर्वांत शेवटी येतो. एकाच खात्यावर दोघे-तिघे खेळत असतील तर ‘एक अवतार, एक व्यक्ती’ हे समीकरणच कोसळते. दुसरे असे, की येथे मुले वेगवेगळ्या घरांत बसून एकत्र खेळतात त्यापेक्षा एकाच कट्ट्यावर मांडीला मांडी लावून खेळताना अधिक दिसतात. पडद्यावरील चमू आणि ओट्यावरील चमू एकच असतो. अशा ठिकाणी ‘ऑनलाइन समूह’ आणि ‘गावातील समूह’ असे दोन कप्पे पाडता येत नाहीत.

याचे परिणाम दूरवर पोचतात. कट्ट्यावर कोण कोणाजवळ बसतो हे गावात सहज ठरत नाही. वस्ती, जात, नाते, शाळा यांनी ते ठरलेले असते. डॅनियल मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ ठिकाणी केलेल्या समाजमाध्यमांच्या अभ्यासात श्रीराम वेंकटरामन यांनी चेन्नईजवळील गावांची पाहणी केली. २०१७ च्या त्यांच्या ग्रंथानुसार समाजमाध्यमांवरील संबंध बऱ्याच अंशी जात, वर्ग आणि नातेसंबंध यांच्याच चाकोरीतून वाहतात. खेळांबाबतही असेच घडते काय? की अनोळखी भिडूशी जुळणाऱ्या सामन्यात ही चाकोरी काही काळ तरी मोडते? पांढरकवड्याच्या वसतिगृहातील कोलाम विद्यार्थी आणि पुण्याच्या सदनिकेतील मुलगा एका चमूत आले, तर परस्परांना काय म्हणून ओळखतात? हे प्रश्न अनुत्तरित आहेत आणि ते केवळ पडद्याच्या आत राहून सुटणारे नाहीत.

येथे मानवशास्त्राच्या इतिहासातील एक विसंगतीही नोंदवावी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींचे चार खंड लिहिले; फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या गोंडांवर मोठे काम केले. या परंपरेने आपल्या भागातील कोलाम, गोंड, परधान या समाजांना ‘जमात’ म्हणून पाहिले आणि त्यांचे खेळ, नृत्य, सण यांची नोंद केली. त्याच समाजातील तरुणाच्या हाती आज मोबाइल आहे. परंतु जमातींचा अभ्यासक त्याच्या मोबाइलकडे पाहत नाही आणि डिजिटल संस्कृतीचा अभ्यासक त्याच्या जमातीकडे पाहत नाही. दोन उपशाखांच्या मधल्या जागेत हा तरुण हरवतो.

५. भिडू, राज्य आणि दूधभात

मानवशास्त्र भाषेपासून सुरू होते, तेव्हा खेळाच्या भाषेकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. आजच्या खेळाडूच्या तोंडी ‘स्क्वॉड’, ‘लूट’, ‘लॅग’, ‘रिव्हाइव्ह’, ‘नूब’ हे शब्द आहेत. यांतील बरेचसे शब्द मराठी क्रियापदांच्या आधाराने उभे राहतात : लूट ‘घ्यायची’, नेट ‘लॅग मारते’, पडलेल्याला ‘रिव्हाइव्ह कर’. भाषाशुद्धीच्या दृष्टीने नाक मुरडण्यापेक्षा हे पाहावे, की वाक्याचा कणा मराठीच राहिला आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की जुन्या खेळांतील कोणत्या संकल्पना नव्या खेळांत उतरल्या आणि कोणत्या गळाल्या.

‘भिडू’ उतरला. चार जणांच्या चमूत जो परस्परांना वाचवितो, दारूगोळा वाटून घेतो, पडलेल्याजवळ धावून जातो, तो जुना भिडूच होय. ‘राज्य घेणे’ मात्र गळाले. लपंडावात किंवा शिवाशिवीत प्रत्येकावर पाळीपाळीने राज्य येते. शिकारी आणि सावज यांची अदलाबदल होत राहते. गुणक्रमावर आधारलेल्या डिजिटल खेळांत अशी अदलाबदल नाही. तेथे श्रेणी चढत जायची असते.

सर्वांत उद्‌बोधक तुलना ‘लिंबूटिंबू’ची आहे. कोठे लिंबूटिंबू, कोठे कच्चा लिंबू, कोठे दूधभात, नावे वेगळी, रीत एकच. लहान मुलाला खेळात घ्यायचे, पण तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. ही सवलत उघड असते. सर्व गड्यांना ठाऊक असते आणि त्या मुलालाही ठाऊक असते. समूहाने दुर्बलाला सामावून घेण्याचा हा एक अलिखित करार आहे. ‘पबजी’सारख्या खेळांतही नवख्याला सवलत मिळते, पण ती निराळ्या रीतीने. प्रारंभीच्या सामन्यांतील अनेक प्रतिस्पर्धी माणसे नसून संगणकचलित बाहुल्या असतात. नवखा सहज जिंकतो आणि विजय आपल्या कौशल्याचा आहे असे मानून पुढे खेळत राहतो. दूधभातात समूहाची माया होती. येथे व्यापाराची योजना आहे. एकात सवलत सांगून दिली जाते, दुसऱ्यात लपवून. ‘समूह’ हा शब्द दोन्हीकडे वापरताना हा भेद विसरून चालणार नाही. पाश्चात्त्य ग्रंथांत खेळाडूंच्या आपसातील संबंधांचे वर्णन विपुल आहे. खेळाची रचना करणारी कंपनी हीसुद्धा त्या समूहातील एक अदृश्य गडी आहे आणि नियम तिच्याच हाती आहेत, याचे भान तुलनेने कमी आहे. ‘पबजी’ २ सप्टेंबर २०२० रोजी बंद झाला, २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. ज्या मैदानाचे दार कंपनी आणि शासन यांच्या निर्णयाने असे उघडते-मिटते, त्या मैदानावरील समूहाला स्वायत्त संस्कृती म्हणणे धाडसाचे ठरेल.

६. डाव खोल कोणाचा?

गीर्ट्झ यांनी आपल्या निबंधासाठी ‘खोल डाव’ ही संकल्पना जेरेमी बेंथम यांच्याकडून घेतली. पणाला लागलेली रक्कम इतकी मोठी, की शहाण्या माणसाने तो डाव खेळूच नये, असा तिचा मूळ अर्थ. गीर्ट्झ यांनी उत्तर दिले, की लोक तरीही खेळतात, कारण तेथे पैशाहून मोठे काही पणाला लागलेले असते. बेंथम आणि गीर्ट्झ या दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे : खेळणाऱ्याला उठून जाण्याची मुभा आहे.

यवतमाळच्या कापूस उत्पादकाला ती मुभा कितपत आहे? ‘शेती म्हणजे पावसाचा जुगार’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे, की त्यातील भेदकता जाणवेनाशी झाली आहे. कर्ज काढून बियाणे घ्यायचे, पावसाची वाट पाहायची, दुबार पेरणी करायची, बोंडअळीला तोंड द्यायचे आणि शेवटी भाव कोणी दुसराच ठरविणार. हा डाव खोल आहे, पण तो खेळणाऱ्याने निवडलेला नाही. कापूस आणि सट्टा यांचे नातेही जुने आहे. मुंबईतील मटक्याचा उगम न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावांवरील पैजांत सांगितला जातो. हे भाव तारयंत्रणेद्वारे मुंबईच्या कापूस बाजारात पोचत. १९६१ मध्ये ती व्यवस्था थांबल्यावर मडक्यातील चिठ्ठ्यांनी भावांची जागा घेतली. वऱ्हाडात पिकणाऱ्या पांढऱ्या सोन्यावर दूरच्या शहरात तारेवरून जुगार चाले आणि त्याच जुगाराचे नाव ‘वरली मटका’ होऊन आमच्या तालुक्यांत परतले. ‘ऑनलाइन जुगार’ हा शब्द नवा. व्यवहार तितका नवा नाही.

या ठिकाणी कौशल्य आणि दैव यांचा वाद महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्राला लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला. याच आधारावर पैसे लावून खेळायच्या मोबाइल खेळांनी अनेक वर्षे ‘कौशल्या’ची जाहिरात केली. आता याच्या शेजारी ग्लेन स्टोन या मानवशास्त्रज्ञाचा अभ्यास ठेवावा. तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकांचा अभ्यास करून त्यांनी २००७ मध्ये दाखविले, की बियाण्यांच्या सतत बदलणाऱ्या नावांमुळे आणि बाजाराच्या गोंधळामुळे शेतकऱ्याला अनुभवातून शिकणेच अशक्य होते. एका हंगामात एका बियाण्याची लाट येते, पुढच्या हंगामात दुसऱ्याची. याला त्यांनी शेतीतील कौशल्याचा ऱ्हास म्हटले. चित्र असे उमटते : जेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य होते तेथे दैव शिरले आणि जेथे दैव आहे त्या पडद्यावर ‘कौशल्य’ अशी पाटी लागली. शेतात मेहनत आणि फळ यांचा संबंध तुटलेल्या घरातील तरुणाला, काही मिनिटांत निकाल देणारा आणि ‘तू हुशार आहेस’ असे सांगणारा खेळ आकर्षक का वाटत असावा, याचे एक संभाव्य उत्तर येथे आहे. हे गृहीतक आहे. त्याची पडताळणी क्षेत्रकार्यानेच होईल. त्यापूर्वी शेतकरी आत्महत्यांसारख्या गुंतागुंतीच्या प्रश्नाशी त्याची गाठ मारण्याची घाई मात्र करू नये.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेच्या सभागृहात तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत प्रसृत झाली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले; पुढे त्यांचे खाते बदलून त्यांच्याकडे क्रीडा खाते देण्यात आले. राजकीय वाद बाजूला ठेवला तरी या प्रसंगाचा सांस्कृतिक अर्थ उरतो. लोकांना बोचला तो खेळ नव्हे, तर शेती आणि रमी यांचे एका चौकटीत येणे. ‘आमचा डाव मोडत असताना तुमचा रंगतो’, हा त्या संतापाचा आशय होता.

त्यानंतर महिन्याभरातच संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा अधिनियम संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की दैव हा भेद बाजूला सारून पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांना त्याने मनाई केली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. दोषाचे वजन खेळाडूवरून चालकाकडे सरकविणारी ही दृष्टी नताशा डाऊ शूल यांच्या विवेचनाशी जुळते. लास व्हेगास येथील जुगारयंत्रांवरील २०१२ च्या ग्रंथात त्यांनी दाखविले, की व्यसन केवळ माणसाच्या स्वभावात नसते. ते यंत्राच्या रचनेत, बटणाच्या गतीत, जिंकल्यासारखे भासविणाऱ्या हरण्यात योजलेले असते. त्यांना भेटलेले अनेक खेळाडू जिंकण्यासाठी खेळतच नव्हते. खेळत राहता यावे म्हणून खेळत होते. तथापि आपल्याकडील शासनाची दृष्टी सुसंगत राहिली आहे असे म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांवर पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर आकारला जात होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेचा विसावा भाग घेण्याची व्यवस्था आहे. राज्यसंस्थेने जुगाराकडे कधी पाप, कधी उत्पन्न म्हणून पाहावे, ही परंपरा दीर्घ आहे.

७. ‘व्यसन’ या शब्दाची चिकित्सा

आता आरंभीच्या शब्दाकडे येता येईल. संस्कृत राजनीतिग्रंथांत ‘व्यसन’ म्हणजे संकट, आणि संकट ओढवणारी सवय. द्यूताची गणना त्यांत आहे. त्या मूळ अर्थात राजाचे व्यसन राज्यावरील आपत्ती होते, म्हणजे शब्दाला सामाजिक परिमाण होते. आजच्या मराठीत तो व्यक्तीच्या दुबळेपणापुरता आकुंचित झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळविकाराचा समावेश आहे. परंतु त्याचे निकष काटेकोर आहेत. खेळावरील नियंत्रण सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसूनही खेळ चालू राहणे आणि हे सर्व सामान्यतः बारा महिने टिकणे. तासिकेत मोबाइल पाहणारा प्रत्येक विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही.

याचा अर्थ काळजीचे कारण नाही असा नव्हे. ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे त्याला ती वेळेवर मिळावी, यासाठीच शब्द जपून वापरला पाहिजे. सर्वांना एकच नाव दिले, की खरा पीडित गर्दीत दिसेनासा होतो. शिवाय, पैसे लावून खेळणारा, चमूत खेळणारा, एकट्याने कोडी सोडविणारा आणि केवळ इतरांचा खेळ पाहणारा हे चौघे भिन्न आहेत. पहिल्याला कर्जाचा धोका आहे. दुसऱ्याला कदाचित जागरणाचा. तिसऱ्या-चौथ्याला बहुधा कोणताच नाही. मुलींच्या बाबतीत तर प्रश्नच उलटा आहे : त्या किती खेळतात यापेक्षा त्यांना खेळायला फोन आणि वेळ मिळतो की नाही, हे आधी विचारले पाहिजे. भुलाबाईच्या निमित्ताने मुलींना वर्षातून काही दिवस का होईना, समाजमान्य खेळाची जागा मिळत होती. मोबाइलने ती वाढविली की आकसली, हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय होऊ शकतो.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) डिजिटल खेळसमूहांच्या मानवशास्त्राने खेळाडूला रुग्ण न मानता संस्कृतीचा वाहक मानले, ही त्याची मोठी देणगी आहे. तिचा स्वीकार केल्याशिवाय आपल्या विद्यार्थ्यांविषयी अर्थपूर्ण बोलता येणार नाही.

२) आभासी जगाचा त्याच्या आतूनच अभ्यास करण्याची बेलस्टॉर्फ यांची पद्धती सामायिक फोन, मोजका डेटा आणि कट्ट्यावरील सहवास असलेल्या समाजाला जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे पडदा आणि पार एकत्र पाहावे लागतील.

३) ‘खोल डाव’ ही संकल्पना निवडीचे स्वातंत्र्य गृहीत धरते. कापूसप्रधान कोरडवाहू समाजात उपजीविकाच जुगारासारखी झालेली असल्याने तिची फेरमांडणी आवश्यक आहे.

४) ‘भिडू’, ‘राज्य’, ‘दूधभात’ यांसारख्या देशी खेळसंज्ञा या केवळ लोकसाहित्याच्या नोंदी नाहीत, डिजिटल खेळांच्या चिकित्सेसाठी त्या विश्लेषक संकल्पना म्हणून वापरता येतील.

५) ‘व्यसन’ हा शब्द निदान म्हणून वापरण्यापूर्वी खेळाचा प्रकार, पैशाचा सहभाग आणि खेळाच्या रचनेतील हेतू तपासला पाहिजे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांत समाजशास्त्र, मराठी, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र आणि शारीरिक शिक्षण हे विभाग एकाच छताखाली आहेत. अशा अभ्यासासाठी लागणारी बहुविद्याशाखीयता आपल्याकडे कागदावर नव्हे, वर्गाशेजारच्या वर्गात उपलब्ध आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्याच गावातील खेळांची, जुन्या आणि नव्या, नोंद करण्याचे प्रकल्प दिले, तर दोन गोष्टी साधतील : माहिती जमा होईल आणि ज्यांच्याविषयी आपण नेहमी बोलतो, ते स्वतः बोलू लागतील. प्राध्यापकाने त्या वेळी वहीत उतरवून घेणाऱ्या अभ्यासकाची भूमिका पत्करावी. खेळात नवख्याला सामावून घेण्याची रीत मराठी मुलांना चांगली ठाऊक आहे. त्यांच्या या नव्या मैदानावर आपणही काही काळ दूधभात म्हणून शिरण्यास हरकत नसावी.